टँकच्या वरच्या थरासाठी मासे कसे निवडावेत

घरातल्या दोन-तीन फुटी टँकसमोर पाच मिनिटं बसून बघा. तळाशी कोरीडोरास नाहीतर काचेला चिकटलेला सकर, मधल्या पाण्यात टेट्रा किंवा बार्ब, आणि वरची तीन-चार इंचं ओस. मग रविवारी दुकानात जाऊन "वर फिरणारं काहीतरी द्या" असं सांगितलं जातं आणि दुकानदार त्या दिवशी जे हाताशी असेल ते पिशवीत भरून देतो. पुढच्या आठवड्यात एक मासा सोफ्याखाली वाळलेला मिळतो आणि उरलेले काही न खाता कोपऱ्यात उभे असतात.

यात माशाचा दोष नसतो. वरच्या थरातला मासा घ्यायचा तर आधी पृष्ठभागाचा विचार करावा लागतो: त्यावर झाकण आहे का, तिथलं पाणी किती हलतं, आडोसा आहे का, आणि मुळात पुण्यात तुमच्या घरी पाणी खडकवासला धरणाचं येतं की बोअरचं. या चार प्रश्नांची उत्तरं हातात असली की दुकानातल्या शेकडो नावांतून पाच-सहाच उरतात. म्हणून माशांची नावं पुढे येतील. घाई असली तरी तोवरचं वाचा.

तोंड कुठे वळलंय ते बघा

कुठला मासा कुठल्या थरात राहणार हे बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच दिसतं. तळाला खाणाऱ्याचं तोंड खाली वळलेलं असतं, शेजारी मिशा असतात. मधल्या थरातल्याचं तोंड सरळ समोर. वरच्याचं तोंड आकाशाकडे उघडतं, खालचा जबडा किंचित पुढे असतो. पाठ जवळजवळ सपाट असते, कारण तिला पाण्याच्या कडेला समांतर राहायचं असतं, आणि पाठीवरचा पर बराच मागे, शेपटीजवळ सरकलेला असतो. दुकानात नाव आठवलं नाही तरी या तीन खुणा पुरतात. सगळ्यांना त्या लागू होतात असं नाही. गुरामीची पाठ काही सपाट नसते, तरी ते वर राहतात, कारण त्यांना हवा लागते.

इथे एक गफलत नेहमी होते. वर दिसणारा प्रत्येक मासा वरच्या थरातला नसतो. मधल्या किंवा तळाच्या थरातले मासे पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले भराभर हलवत उभे असतील तर ते गुदमरताहेत. पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढलाय. गुरामी वर येतो, एक घोट हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. गुदमरणारा मासा वरच लटकून राहतो. दुकानातल्या टाकीत सगळेच वर लटकलेले दिसले तर "हे वरचे मासे आहेत" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

रिकामी जागा म्हणजे रिकामी क्षमता नव्हे

वरचा थर ओस दिसला म्हणून टँकमध्ये आणखी मासे मावतात असं होत नाही. घाण सगळ्यांची मिळून एकाच पाण्यात पडते आणि ती निस्तरणारा फिल्टरही एकच असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरतं. त्यात आधीच दहा-बारा टेट्रा आणि कोरी असतील तर वर फार तर तीन छोटे मासे.

घेण्याआधी पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) खाली, तेही पाणी बदलायच्या आदल्या दिवशी मोजलेलं. एवढं जमत नसेल तर नवा मासा आणू नका, आधी पाणी बदलायचं प्रमाण वाढवा.

लांबी-रुंदी महत्त्वाची, उंची जवळजवळ बिनकामाची. हल्ली मिळणारे उभे, शोभेचे टँक वरच्या थरासाठी सगळ्यात वाईट: पाणी भरपूर, पृष्ठभाग हातरुमालाएवढा. नवा टँक घेत असाल तर त्याच पैशात बुटका आणि लांब घ्या.

झाकण आधी

वरचे मासे उड्या मारतात. निसर्गात खालून मोठा मासा आला की यांची सुटका वरच्या बाजूलाच असते, आणि हॅचेटफिशला तर छातीचे स्नायूच त्यासाठी मिळालेत. नवा टँक, पहिली रात्र, अचानक लावलेला ट्यूबलाइट, एवढं कारण पुरतं.

काचेचं झाकण उत्तम, पण फिल्टरच्या पाइपसाठी आणि हीटरच्या वायरसाठी कोपऱ्यात ठेवलेली फट बुजवायला विसरू नका. पॅंचॅक्स नावाचा मासा, तो पुढे येईलच, बोटभर रुंदीच्या फटीतून बाहेर जाऊ शकतो. स्वस्त आणि माझ्या मते जास्त चांगला उपाय म्हणजे खिडक्यांना वेल्क्रोने लावतात ती डासांची जाळी. नायलॉन किंवा फायबरची घ्या, लोखंडी नको, गंजते. टँकच्या बाहेरच्या कडेला वेल्क्रोची पट्टी चिकटवायची, जाळी मापात कापायची आणि वायरीच्या जागी छोटा काप द्यायचा. हवा खेळती राहते, उजेड पोचतो, आणि घरात मांजर असेल तर तिचाही बंदोबस्त होतो. जाळीचा एकच तोटा: पाणी लवकर उडतं. एप्रिल-मेमध्ये, पुण्याच्या कोरड्या हवेत, दर दोन-तीन दिवसांनी भर घालावी लागते.

पाणी काठापर्यंत भरू नका. दोन ते तीन इंच मोकळी ठेवा. उडी मारणाऱ्याला तेवढी जागा मिळाली की तो झाकणावर कमी आपटतो. गुरामी आणि फायटरच्या डोक्यात चक्रव्यूहासारख्या घड्यांचा एक खास अवयव असतो, त्याने ते बाहेरची हवा घेतात. त्यांच्यासाठी पाण्यावर उबदार, दमट हवेचा थर असणं चांगलं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा गुरामीच्या टँकवर जाळी असेल तर रात्री तिच्यावर ॲक्रिलिकची शीट टाका, एका कडेला बोटभर हवा राहील अशी.

पातळी खाली ठेवताना हीटरकडे लक्ष द्या. त्यावरच्या खुणेच्या खाली पाणी गेलं की हीटरची काच तडकू शकते. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करायचा, हा नियम कधीच मोडायचा नाही.

पाण्याची हालचाल आणि आडोसा

आपल्याकडे सर्रास मिळणारा टॉप फिल्टर पाणी वरून धबधब्यासारखं सोडतो. झेब्रा डॅनिओला त्यात मजा येते, ते उलट पोहत बसतात. गुरामी आणि बटरफ्लाय फिश मात्र दिवसभर ढकलले जातात आणि थकतात. गुरामीचा नर फेसाचं घरटं बांधतो, ते अशा पाण्यात टिकतच नाही. तेव्हा एकतर मासा प्रवाहाला सोसेल असा घ्या किंवा प्रवाह मोडा: पाइपला भोकाभोकाची नळी लावून तिचं तोंड मागच्या काचेकडे वळवा, किंवा सरळ स्पंज फिल्टरवर या. पृष्ठभाग पूर्ण थिजलेलाही नको, नाहीतर त्यावर तेलकट साय धरते. एका टोकाला हलकी लहर आणि दुसऱ्या टोकाला शांत पाणी, अशी विभागणी सगळ्यांना मानवते.

शांत टोकाला तरंगती झाडं हवीतच. साल्विनिया, पिस्टिया, फ्रॉगबिट, यांतलं काहीही चालेल. डकवीड टाळा, एकदा आलं की हातावर, बादलीत, फिल्टरमध्ये, सगळीकडे तेच. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झाकला की पुरे. खाणं टाकायला मोकळी जागा लागते, त्यासाठी एअर पंपाच्या नळीचा एक तुकडा गोल वळवून दोन्ही टोकं जोडा. ती कडी पाण्यावर तरंगते आणि झाडं तिच्या बाहेर राहतात.

मुळा-मुठेतून किंवा पाषाण-कात्रजच्या तळ्यातून जलपर्णी उचलून आणायचा मोह होतो. आणू नका. तिच्या मुळांतून सांडपाणी, जळवा आणि गोगलगायीची अंडी घरी येतात. उलट दिशेचाही नियम तितकाच कडक: टँकमधली वाढलेली झाडं ओढ्यात किंवा तळ्यात टाकायची नाहीत. पिस्टिया आणि साल्विनिया मोकळ्या पाण्यात कशा पसरतात ते जलपर्णी बघून कळतंच. उन्हात वाळवा आणि कुंडीत टाका.

तुमचं पाणी कुठलं?

पुणे महापालिकेचं पाणी प्रामुख्याने खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून येतं, पिंपरी-चिंचवडचं पवनेतून. सह्याद्रीतल्या पावसाचं हे पाणी तुलनेने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि बऱ्याच माशांना मानवतं. वाघोली, उंड्री, पिसोळी किंवा बाणेर-बालेवाडीच्या नव्या सोसायट्यांमध्ये मात्र बोअर आणि टँकर चालतात. ते पाणी जड असतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल तर वेगळी चाचणी करायचीही फारशी गरज नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने ढोबळ अंदाज येतो, नेमकं हवं असेल तर पाण्याचा जडपणा मोजणारे जीएच-केएचचे थेंबांचे किट घ्या.

ज्यांच्याकडे दोन्ही पाणी येतं त्यांची पंचाईत जास्त. बऱ्याच सोसायट्यांत पावसाळ्यात महापालिकेचं पाणी आणि मार्चपासून त्यात टँकरची भर. ऑक्टोबरात मऊ पाण्यातला मासा आणला तर मे महिन्यात त्याची वाट लागते. तुमची सोसायटी अशी असेल तर दोन्ही पाणी सोसणारेच मासे घ्या.

क्लोरीन सगळ्या नळांना असतो आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की त्याचा वासही वाढलेला जाणवतो. अँटीक्लोर घातल्याशिवाय पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की तो वार बहुधा गुरुवार असतो आणि शुक्रवारी सकाळी येतं ते कमी दाबाने आणि पुष्कळदा गढूळ. पाणी बदलायचा वार शनिवार-रविवार ठेवलात तर हा प्रश्नच येत नाही.

आता मासे

पहिल्यांदाच वरचा थर भरत असाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: *झेब्रा डॅनिओ*. साधा आहे, स्वस्त आहे, म्हणून लोक नाक मुरडतात, पण पुण्याच्या हवेला याच्याइतका फिट मासा नाही. पाणी अठरा अंशांपर्यंत उतरलं तरी विनातक्रार राहतो, म्हणजे हिवाळ्यात हीटर नसला तरी चालून जातं. मऊ-जड दोन्ही पाण्यात रमतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांच्या अभ्यासात १८२२ साली याचं वर्णन केलं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत, आपल्या पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतसुद्धा, यावर संशोधन चालतं. चार-पाच सेंटिमीटरचा मासा, पण धावतो खूप, म्हणून दोन फुटांपेक्षा छोट्या टँकमध्ये नको. किमान सहा-आठ घ्या. कमी घेतले तर आपापसात आणि इतरांच्या मागे लागतात. फायटर किंवा लांब परांचे गप्पी याच्याबरोबर ठेवू नका. खरं सांगायचं तर हा पूर्णवेळ वरचा नाही, वरच्या अर्ध्या भागात फिरणारा आहे.

खऱ्या अर्थाने पृष्ठभागाला चिकटून राहणारा आणि तरी सांभाळायला सोपा म्हणजे *पॅंचॅक्स*. दुकानात गोल्डन वंडर नावाने जो पिवळाधमक मासा मिळतो तो आपल्याच दक्षिण भारतातल्या रेघांच्या पॅंचॅक्सची पैदाशीतून तयार केलेली रंगीत जात. हा मासा बघत बसण्यासारखा आहे. पिस्टियाच्या मुळांमध्ये तो काडीसारखा स्थिर राहतो, फक्त छातीचे पर थरथरत असतात आणि डोक्यावरचा चंदेरी ठिपका वरून चमकतो. पाण्यावर एखादी माशी पडली की आधी डोळा वळतो, मग अंग अगदी सावकाश रेषेत येतं, आणि नंतर काय झालं ते दिसतच नाही, फक्त पाण्यावर एक कडी उरते. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते खातो, तेव्हा निऑन किंवा गप्पीची पिल्लं असलेल्या टँकमध्ये याला जागा नाही. रोझी बार्बसारख्या दणकट माशांबरोबर ठेवा. एक नर, दोन-तीन माद्या. झाकण घट्ट.

*गुरामींमध्ये* निवड करताना डोकं शांत ठेवायला हवं, कारण दुकानात सगळ्यात देखणा दिसतो तो ड्वार्फ गुरामीचा नर, निळ्या-केशरी पट्ट्यांचा. मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पण मोठ्या प्रमाणावर पैदास होऊन बाजारात येणाऱ्या ड्वार्फ गुरामींमध्ये इरिडोव्हायरस नावाचा रोग आढळतो आणि त्यावर औषध नाही. मासा काळवंडतो, अंगावर जखमा होतात, पोट फुगतं आणि जातो. म्हणून मी हनी गुरामीच सुचवतो. पाच सेंटिमीटरचा, मधाच्या रंगाचा, स्वभावाने गरीब. दोन फुटी टँकमध्ये एक नर आणि दोन माद्या मजेत राहतात. तीन फुटी किंवा मोठा टँक असेल तर पर्ल गुरामी घ्या. दहा-बारा सेंटिमीटरचा, अंगभर मोत्यांसारखे ठिपके, आणि एवढा मोठा असूनही भांडखोर नाही. निळा, तीन ठिपक्यांचा गुरामी तसा टिकाऊ, पण मोठा झाला की नर दादागिरी करतो. गुरामी कुठलाही असो, त्याला आडोसा आणि शांत पाणी हवं. हिवाळ्यात हीटर लागतोच: ढोबळ हिशेब लिटरला एक वॉट, म्हणजे दोन फुटी टँकला ५० वॉट.

*हॅचेटफिश* हा सगळ्यांच्या मनातला मासा. कुऱ्हाडीच्या पात्यासारखं पोट, सरळ पाठ, आठ-दहांचा थवा पृष्ठभागाखाली एका ओळीत उभा. संगमरवरी हॅचेट साडेतीन सेंटिमीटरचा, चंदेरी सहापर्यंत. पण यांतले बहुतेक अजूनही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणलेले असतात. आपल्या दुकानात पोचेपर्यंत ते थकलेले, उपाशी आणि पुष्कळदा आतड्यात जंत घेऊन आलेले असतात. मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी, २४ ते २८ अंश तापमान आणि सहा महिने सुरळीत चाललेला टँक, एवढं असेल तरच हात लावा. बोअरच्या पाण्याच्या सोसायटीत राहत असाल तर हा विचार सोडून द्या. सहापेक्षा कमी घेऊ नका, आणि लक्षात ठेवा: तळाला बसलेला दाणा हा उचलणार नाही. वर खाल्लं ते खाल्लं.

जड पाणीवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. *गप्पी* आणि *मोली* यांना बोअरचं पाणी धरणाच्या पाण्यापेक्षा जास्त मानवतं. फक्त नर गप्पी घेतले तर रंगही मिळतो आणि लोकसंख्याही आवाक्यात राहते. माद्या घेतल्या तर दर महिन्याला पिल्लं आणि ती कुणाला द्यायची हा प्रश्न. ती ओढ्यात किंवा नदीत सोडायची नाहीत. डास मारायला महापालिका गप्पी सोडते म्हणून आपणही सोडावेत, असं होत नाही.

हाफबीक मिळाला तर एक नर आणि चार-पाच माद्या, बाजूच्या काचांपाशी दाट तरंगती झाडं. घाबरला की काचेवर धडकतो आणि त्याचा लांब जबडा मोडतो. आफ्रिकन बटरफ्लाय फिश दिवसभर पानासारखा पडून असतो, तोंडात मावेल तो मासा गिळतो आणि बार्ब असतील तर ते त्याच्या परांच्या लांब दोऱ्या कुरतडतात. हा वेगळ्या, शांत टँकचा मासा. मऊ पाणी आणि धीर असेल त्याने पेन्सिलफिश शोधावेत, तोंड वर करून तिरके उभे राहणारे. फ्लाइंग बार्ब आपल्याकडचाच, लांबलचक मिशांचा आणि चपळ. उडी मारण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

घेऊ नये ते थोडक्यात. सिल्व्हर अरोवाना: दुकानात बोटाएवढा, वास्तूसाठी शुभ म्हणून खपवला जातो, आणि वाढतो तीन फुटांपर्यंत. चार फुटी टँकमध्ये त्याला नीट वळताही येत नाही. शुभ-अशुभ तुमचं तुम्ही ठरवा, पण कुणी भेट दिला तरी नाही म्हणा. जायंट गुरामीची पिल्लं इतर गुरामींबरोबर विकली जातात आणि दोन फुटांच्या वर जातात. आर्चर फिश पाण्याची पिचकारी मारतो म्हणून मुलं हट्ट धरतात, पण त्याला मचूळ, खारट पाणी लागतं.

दुकानात

माल कधी आला ते आधी विचारा. शोभेचे मासे पुष्कळदा कोलकाता किंवा चेन्नईहून लांबचा प्रवास करून येतात. आल्या दिवशी घेऊ नका, आठवडाभर दुकानात राहू द्या. दुबळे असतील ते तिथेच कळतात. आवडले असतील तर थोडे पैसे देऊन ठेवा, बरेच दुकानदार तयार होतात.

मग समोर खायला घालायला सांगा. वरच्या माशाने दाणा पाण्यावर पडताक्षणी उचलला पाहिजे. बघून न बघितल्यासारखं केलं तर सोडा. हॅचेटचं पोट पुढून बघा: भरलेलं, गोल हवं, आत गेलेलं, धारदार दिसलं तर तो बरेच दिवस जेवलेला नाही. गुरामीच्या अंगावर ओरखडे, काळे डाग नकोत. पर मिटून घेतलेले, अंगावर मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके, यातलं काही एका जरी माशावर दिसलं तरी त्या टाकीतलं काहीच घ्यायचं नाही, कितीही मोठी सूट दिली तरी.

पिशवी काळ्या कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलच्या दुपारी सिंहगड रोडच्या वाहतुकीत अडकलात तर तिथे पाणी उकळायचंच बाकी राहतं. संध्याकाळी जा.

घरी आणल्यावर

दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. वीस-पंचवीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, स्पंज फिल्टर आणि वर तीच डासांची जाळी, एवढ्यात भागतं. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तासाभरात थोडं-थोडं टँकचं पाणी पिशवीत घालत जा. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. पहिली रात्र दिवे बंद. खोलीतला दिवा लावायचा असेल तर आधी पॅसेजमधला लावा. अचानक उजेड पडला की हे मासे उडतात, आणि वेगळ्या ठेवलेल्या टाकीला झाकण लावायचं नेमकं राहून जातं.

खाणं, आणि हवेतून पडणारं

बुडणारा दाणा यांच्या कामाचा नाही. तरंगणारे फ्लेक्स, बोटांनी चुरडलेले छोटे पेलेट, आठवड्यातून दोनदा डॅफ्निया किंवा गोठवलेले ब्लडवर्म. खाणं दोन चिमटीत, फिल्टरपासून लांब, त्या नळीच्या कडीत टाका. खालच्या माशांचं बुडणारं खाणं त्याच वेळी दुसऱ्या टोकाला टाकलं की ते वर चढून येत नाहीत.

डासांच्या अळ्या पॅंचॅक्सला जीव की प्राण, पण त्यासाठी गच्चीत पाणी साठवून ठेवू नका. डेंगीच्या दिवसांत महापालिकेचे लोक तपासणीला येतात आणि नोटीस देतात, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी बरणीत पिकलेलं केळं ठेवून फळमाश्या जमवा. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवल्या की सुस्त होतात, मग पाण्यावर झटकता येतात. नाल्यातले जिवंत लाल किडे स्वस्त पडतात, रोगासकट.

वरच्या माशांचा एक खास धोका म्हणजे हवेतून पाण्यावर येऊन बसणारं सगळं. डासांची कॉइल, लिक्विड मशीन आणि झुरळांचे स्प्रे यांत पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं असतात, आणि ती माशांना फार घातक. त्यातही गुरामी तीच हवा ओढून घेतो. टँकच्या खोलीत ही साधनं वापरूच नका. गल्लीत धुराची फवारणी आली की खिडक्या बंद, टँकवर ओला टॉवेल आणि एअर पंप अर्धा तास बंद, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. टँक देवघराशेजारी असेल तर उदबत्तीची राख आणि धूर, स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीचा तेलकट थर, यामुळे पाण्यावर साय धरते. टिश्यू पेपर पृष्ठभागावर आडवा टेकवून उचलला की ती निघून येते.

वीज गेली की घाबरून जाऊ नका. देखभालीसाठी गुरुवारी तासन्तास जाते तेव्हा गुरामी बाहेरची हवा घेऊन निभावतात, पण डॅनिओ आणि मधले टेट्रा अडचणीत येतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. नसला तर मगने पाणी उचलून वरून ओतत राहा. त्या दिवशी खायला घालू नका.

दिवाळीत गावी जायचं असेल तर निरोगी, मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. पाण्यात ठेवायचे सुट्टीचे ठोकळे तळाला बसतात, वरच्यांना त्यांचा उपयोग नाही आणि पाणी खराब होतं ते वेगळंच. शेजाऱ्यांना सांगणार असाल तर दर दोन दिवसांची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून, वर तारीख लिहून द्या, आणि खाण्याचा डबा कपाटात कुलपाआड ठेवून जा.